उणे पाचचा बर्फ

मी दुबईत हॉकीच्या मैदानावर नोकरीला लागलो, ही बातमी आमच्या गावात वडिलांनी पसरवली, आणि ती चुकीची पसरवली. दोष माझ्या पत्राचा होता. मी लिहिलं होतं, "इथे हॉकीचा एक संघ आहे, त्याच्या मैदानाची देखभाल माझ्याकडे आहे." वडिलांना हॉकी म्हणजे आमच्या शाळेमागचं मुरमाड पटांगण ठाऊक. सबंध शाळेत मिळून आठ स्टिका होत्या आणि बाकीची मुलं बाभळीच्या वाकड्या फांद्या घेऊन खेळायची. मीही फांदीवालाच. त्यांनी बाजारात सांगितलं की पोरगा वाळवंटात गवत उगवायला गेलाय.

पुढच्या पत्रात मी खुलासा केला की हे मैदान बर्फाचं आहे, एका मोठ्या बंद हॉलमध्ये आहे आणि खेळाडू पायात पात्याचे बूट घालून त्यावर घसरत खेळतात. चेंडू नसतो, काळ्या रबराची चकती असते. वडिलांचं उत्तर आलं, शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं: "बर्फ किती वेळ टिकतो ते मला विचारत जा."

विचारण्यासारखंच होतं. वडील तालुक्याच्या गावातल्या बर्फाच्या कारखान्यात हमाल होते. लाद्या आकड्याने ओढायच्या, भुशात लोळवायच्या, गोणपाटात बांधायच्या. कारखान्याचं यंत्र बिघडलं की पुण्याहून एक इंजिनिअर यायचा. तो यंत्राला कान लावून उभा राहायचा आणि मग खिशातलं पेन काढून काहीतरी लिहायचा. त्याने लिहिलं की मालकसुद्धा गप्प बसायचा. मला ते पेन हवं होतं. सातवीत मी हे आमच्या गणिताच्या सरांना सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी माझे शिष्यवृत्तीचे फॉर्म स्वतः भरले, वसतिगृहात ओळख काढून दिली, आणि मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो. या माणसांचे उपकार मी फेडू शकलो नाही. आता जे सांगणार आहे त्यात तर मी त्यांना मान खाली घालायला लावली, आणि मग ती थोडी वर करायचा प्रयत्न केला. म्हणून लिहितोय.

मी पोचलो ते नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, ऑक्टोबरात. हॉल शहराच्या जुन्या भागात होता. एका बाजूला बोलिंग खेळायच्या लेन, दुसऱ्या बाजूला उपाहारगृह, मध्ये बर्फ. कडेला चारेकशे लाकडी खुर्च्या. दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत शिरायची आणि बर्फावर गुडघ्याएवढं धुकं पसरायचं. दिवसभर भाड्याचे बूट घालून घसरणारी मंडळी असायची. गुरुवारी संध्याकाळी, म्हणजे शुक्रवारच्या साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या रात्री, संघाची वेळ. दुबई, अबू धाबी आणि अल ऐन अशा शहरांच्या संघांची एक छोटीशी लीग होती. जिंकून मिळायचं ते एक पितळी भांडं. आमचा कप्तान कॅनडाचा, एका शाळेत भूगोल शिकवणारा. समोरचा एक दात नव्हता आणि त्याचा त्याला अभिमान होता. बाकी कुणी फिनलंडचा, कुणी चेक आचारी, आणि दोघे इथलेच भाऊ, जे लहानपणी याच हॉलमध्ये भाड्याच्या बुटांवर पडत पडत शिकले होते. त्यांना 'हॉकी' म्हटलं की बर्फच दिसायचा. मी पहिल्या दिवशी गवतावरच्या हॉकीचा विषय काढला, तर कप्तान म्हणाला, "अच्छा, म्हणजे उन्हातली हॉकी."

बर्फाखाली नळ्यांचं जाळं असतं. त्यातून अतिथंड द्राव फिरतो आणि तो थंड ठेवायचं काम कॉम्प्रेसर करतो. त्यावेळी हॉलमध्ये एकच कॉम्प्रेसर होता. सगळे त्याला मशीन म्हणायचे. ते मशीन चालवणारा सुदानचा एक पन्नाशीचा माणूस होता. त्याला सगळे चाचा म्हणत. मी आलो तेव्हा चाचा दोन महिन्यांच्या रजेवर गावी गेला होता. बदलीवर केरळचा एक ऑपरेटर होता, तो रजिस्टरात बर्फाचं तापमान इंग्रजी आकड्यात लिहायचा: उणे पाच, उणे पाच. हॉकीला हेच लागतं. याहून गरम झाला तर बर्फ मऊ पडतो, पात्यांखाली चिरतो, चकती अडखळते, माणूस पडतो.

मालकांच्या सल्लागाराने उन्हाळ्याचे आकडे मागितले, इंग्रजी रजिस्टरात. चाचाचं रजिस्टर होतं अरबी आकड्यांत. ते उतरवून काढणं हे माझं पहिलं काम.

मी वही उघडली आणि मला बरं वाटलं. त्यांचा एक इंग्रजी एकसारखा, दोन आपल्या दोनसारखा, तीनही तसाच, नऊ तर थेट इंग्रजी नऊ. म्हटलं, हे तर ओळखीचेच आकडे आहेत, कुणाला कशाला विचारायचं? मे ते सप्टेंबर, तापमानाच्या रकान्यात ओळीने एकच आकडा होता. छोटा गोल. मी शून्य लिहिलं. पाच महिने, दिवसातून चार नोंदी, शून्य, शून्य, शून्य. मध्ये कुठे उलट्या तीनसारखं काही दिसलं, तिथे तीन लिहिलं.

शून्य अंशावर हॉकी खेळता येत नाही, हे मला कळायला हवं होतं. कळलंच. पण मी त्याचा अर्थ काढला तो असा: या देशाच्या उन्हाळ्यात त्या अडाणी म्हाताऱ्याला एवढंच जमत असणार, आणि म्हणूनच मला बोलावलंय. अठ्ठावीस वर्षांचा होतो. पेन खिशात होतं. मी अहवाल लिहिला: 'उन्हाळ्यात बर्फ शून्यावर येतो, दुसरं मशीन बसवल्यास उणे पाच राखता येईल.' संघातले बहुतेक जण तेव्हा उन्हाळ्यात मायदेशी जायचे, त्यामुळे अहवालाला कुणी आडवं आलं नाही. दुसरं मशीन जहाजाने आलं. पुढच्या उन्हाळ्यात बर्फ उणे पाच राहिला. सगळे म्हणाले, बघा, शिकलेल्या माणसाचा फरक. मला प्लांट इंजिनिअर केलं, फॅमिली व्हिसा मिळाला, आणि इतकी वर्षं जो प्लांटचा प्रमुख होता त्या चाचाला माझ्या हाताखाली दिलं.

मशीन बसवलं त्या दिवशी, रजेवरून केव्हाच परतलेला चाचा त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिला होता. मला म्हणाला, "मुहंदिस, एक मशीन बस था." मुहंदिस म्हणजे इंजिनिअर. मी हसून म्हटलं, "चाचा, अभी तुम आराम करो." चहा मात्र रोज दोघांनी एकत्रच प्यायला, मशीनरूमच्या दारात उलट्या क्रेटवर बसून.

कुटुंब आलं, अजमानला दोन खोल्यांचं घर घेतलं. अजमानला राहून दुबईत काम करणाऱ्या बहुतेकांसारखे आम्हीही वाटेतल्या शारजाच्या ट्रॅफिकमध्ये आयुष्य काढत होतो. सुट्टीच्या दिवशी दुबईतल्या 'बर दुबई' भागातल्या देवळाच्या गल्लीत जायचं, येताना फुलं आणि कढीपत्ता आणायचा. मुलगी पहिलीत गेली. इथल्या शाळांत अरबी शिकावंच लागतं. एके संध्याकाळी ती जमिनीवर वही पसरून ओळीने गोल काढत बसली होती.

मी म्हटलं, "किती शून्यं काढतेस गं?"

"नो बाबा, दॅट्स फाइव्ह."

"फाइव्ह कसा? गोल आहे ना?"

"झिरो इज अ डॉट, बाबा," ती मान वर न करता म्हणाली. "एव्हरीबडी नोज दॅट."

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा यायच्या आत मी लोखंडी कपाटातलं जुनं रजिस्टर काढलं. गोल. गोल. गोल. रकान्यावर अरबीत काय लिहिलंय ते मी उपाहारगृहातल्या एका इजिप्तच्या मुलीला कागदावर उतरवून दाखवलं. ती म्हणाली, "उणे." म्हणजे या म्हाताऱ्याने भर उन्हाळ्यात, एकाच मशीनवर, पाच महिने उणे पाच राखला होता. आणि उलटा तीन हा त्यांचा चार होता.

मी रजिस्टर होतं तसं परत ठेवलं. चाचा आला, चहा केला, मी प्यालो. पाच वर्षं प्यालो. स्वतःला सांगायची कारणं माझ्याकडे भरपूर होती: व्हिसा, मुलीची शाळा, गावाकडचं बांधकाम. सगळी खरी होती. त्यांच्या आडून मी घाबरट आहे हे दिसत नव्हतं, एवढाच त्यांचा उपयोग.

नव्या शतकाच्या सुरुवातीला हॉलला नवे मॅनेजर आले, आपलेच, पुण्याचे. पहिल्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून मराठीत "बसा" म्हटलं तेव्हा मला भरून आलं होतं. माणूस हुशार होता. त्याने पाहिलं की चारशे खुर्च्यांच्या या हॉलवर फळ्या टाकल्या तर उन्हाळाभर फर्निचरचे सेल आणि प्रदर्शनं लागतील, आणि दुसरं मशीन मालकांच्या समुद्रकाठच्या मरीना भागातल्या नव्या इमारतीत, तिथल्या गारव्यासाठी, हलवता येईल. अडचण संघाची होती. संघाशी बारा महिन्यांचा करार होता. पण त्यात एक वाक्य होतं: बर्फ खेळण्याजोगा राहू शकत नसेल तर हॉलला वेळ रद्द करता येईल.

एप्रिलमध्ये त्यांनी मला बोलावलं. टेबलावर माझं पहिलं इंग्रजी रजिस्टर उघडं होतं.

"अक्षर सुंदर आहे तुमचं," ते म्हणाले. "एका मशीनवर उन्हाळ्यात बर्फ शून्य. तुमचीच नोंद. दुसरं मशीन गेलं की पुन्हा शून्य. म्हणजे हॉकी बंद. अहो, किती सोपं करून ठेवलंत तुम्ही."

मी म्हटलं, "साहेब, संघ कुठे जाईल?"

"मॉलमध्ये आता घसरायचे हॉल होतायत."

"तिथे हॉकी खेळू देत नाहीत. लहान मुलांचीही टीम आहे, माझी मुलगी त्यात..."

"तिला बॅडमिंटनला घाला." ते हसले. "मंगळवारी अरबाब येणारेत. संघाचा कप्तानही येईल आरडाओरडा करायला. तुम्ही फक्त बसायचंय. कुणी विचारलं, हे तुमचं रजिस्टर? तर हो म्हणायचं. खोटं थोडंच आहे?"

अरबाब म्हणजे मालक. मी उभाच होतो. मला त्यांना तिथेच सांगता आलं असतं. मी म्हटलं, "साहेब, त्या नोंदींत चूक आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चूक कसली हे त्यांनी विचारलं नाही. पेनाचं टोपण लावत ते म्हणाले, "हे बघा, कुठल्या कुठल्या गावातून तुम्ही इतके वर आलात. मला कौतुक आहे. ज्या नोंदीवर तुमची नोकरी उभी आहे, ती स्वतःच्या हाताने पाडू नका. आपली माणसं इथे एकमेकांना सांभाळतात. मी तुम्हाला सांभाळतोय."

त्या "कुठल्या कुठल्या गावातून"ने मला जागं केलं, हे कबूल करतो. चांगुलपणाने जाग आली असती तर जास्त बरं झालं असतं.

घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही.

"म्हणजे पाच वर्षं तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि तो माणूस दर ईदला आपल्याकडे खजूर पाठवत होता."

"हो."

"मग मला काय विचारताय? मी नाही म्हणाले तर गप्प बसणार आहात का?"

मी म्हटलं, "नोकरी जाऊ शकते."

"गेली तर गावी जाऊ. तुमच्या वडिलांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा." मग जरा वेळाने, तवा उतरवताना, "आणि त्या मॅनेजरला सांगा, बॅडमिंटन त्याने खेळावं."

मुलगी दारात उभी होती. तेव्हा ती अकरा वर्षांची होती, लहान मुलांच्या संघात गोल राखायची. तिने सगळं ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, "यू न्यू? व्हेन आय टोल्ड यू, यू न्यू?" मी हो म्हटलं. ती आत गेली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

चाचाला सांगणं यापेक्षा कठीण होतं. सोमवारी सकाळी क्रेटवर बसून सांगितलं. हिंदीत सांगितलं, जितक्या सरळ शब्दांत सांगता येईल तितक्या. तो ऐकत राहिला. त्याने हातातला चहा जाळीतून गटारात ओतला.

"सात साल," तो म्हणाला. "सात साल मैं सोचा, मेरा क्या गलती था. अरबाब मेरे को नीचे किया, मैं सोचा, उमर हो गया."

"चाचा, गलती मेरी थी."

"मालूम. अभी बोला ना तुम." तो उठला. "पाँच को ज़ीरो पढ़ा. तुम्हारा कॉलेज में पाँच नहीं था?"

मी म्हटलं, "कल मेरे को तुम्हारा रजिस्टर चाहिए."

"रजिस्टर मेरा है. तुमको नहीं देगा."

"फिर बर्फ जाएगा, चाचा. टीम जाएगी."

"मैं लाएगा," तो म्हणाला. "मैं. तुम नहीं."

मंगळवारची बैठक वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात होती. काचेतून खाली बर्फ दिसायचा. अरबाब खिडकीजवळ बसले होते. वयस्क, मंद बोलणारे, हातात मण्यांची माळ. मॅनेजरसाहेबांनी इंग्रजीत तक्ते दाखवले. इथल्या त्या दोघा भावांना सोबत घेऊन आलेल्या कप्तानाने दोनदा मध्ये बोलायचा प्रयत्न केला, त्याला हाताने थांबवलं. मग माझं रजिस्टर पुढे आलं.

"हे तुमचं अक्षर?" साहेबांनी विचारलं.

"अक्षर माझं आहे," मी म्हटलं. "आकडे माझे नाहीत. मी पाचाला शून्य वाचलं. आमच्या लिपीत शून्य असंच गोल असतं. चाचाने एका मशीनवर पूर्ण उन्हाळा उणे पाच राखला होता. दुसऱ्या मशीनची गरज नव्हती. अहवाल चुकीचा होता. हे मला पाच वर्षांपूर्वी कळलं आणि मी लपवलं."

माझा आवाज कापत होता. पण वाक्यं सगळी पूर्ण झाली. साहेब मराठीत, अगदी हळू, दात न उघडता म्हणाले, "डोकं फिरलंय का तुमचं?" मी मराठीतच, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "नाही साहेब. आज ठिकाणावर आहे."

साहेबांनी सूर बदलला. ते अरबाबांकडे वळून म्हणाले की इंजिनिअरची मुलगी हॉकी खेळते, आज तो असं म्हणतोय, उद्या तसं म्हणेल, कागद मात्र कागद असतो.

तेव्हा चाचाने काखेतलं रजिस्टर टेबलावर ठेवलं. मला वाटलं, तो ते अरबाबांपुढे सरकवेल. त्याने ते माझ्यापुढे सरकवलं.

"पढ़ो," तो म्हणाला.

"चाचा, अरबाब खुद..."

"तुम लिखा था, तुम पढ़ो. अरबी में. मे महीना, पहली तारीख."

मी बोट ठेवलं. "खम्सा." पाच.

"आगे."

"खम्सा. खम्सा. खम्सा." पान उलटलं. "खम्सा. खम्सा." एक उलटा तीन आला. मी थांबलो.

"वो क्या है?"

"अर्बा," मी म्हटलं. चार.

"शाबास. उस दिन लाइट गया था."

मी वाचत गेलो. मे संपला. कप्तान आधी गोंधळलेला होता, मग त्याला उमगलं आणि तो खुर्चीत पुढे सरकला. दहा-पंधरा ओळींनंतर माझा आवाज स्थिर झाला. लाज वाटत होती, पण ती आता समोर टेबलावर होती, पोटात नव्हती. तेवढ्या फरकाने मला मोकळं वाटलं.

साहेब म्हणाले, "ओके, ओके. खलास."

"खलास नहीं," चाचा म्हणाला. "जून बाकी है."

अरबाब हसले. आवाज न करता, खांदे हलवून. त्यांनी रजिस्टर स्वतःकडे ओढलं, चार-पाच पानं चाळली, आणि चाचाला अरबीत काही विचारलं. चाचाने बराच वेळ उत्तर दिलं. मला त्यातले मोजके शब्द कळले. नंतर कप्तानाने इथल्या त्या दोघा भावांकडून सगळं समजून घेतलं आणि मला सांगितलं. अरबाबांनी विचारलं होतं, पुन्हा एका मशीनवर जमेल का? चाचाने कसं जमतं ते सांगितलं होतं: बर्फ पातळ ठेवायचा, जाड झाला की खालच्या नळ्यांची थंडी वरपर्यंत पोचत नाही. गरम पाण्याचे बारीक थर द्यायचे. पहाटे मशीन पूर्ण ताकदीने चालवायचं आणि दुपारी दारं कुणी उघडायची नाहीत, मॅनेजरनेसुद्धा. शेवटी तो म्हणाला होता, "इन्शाल्ला जमेल. फक्त या कातिबने आकडे उतरवून काढू नयेत."

कातिब म्हणजे लिहिणारा, कारकून.

निकाल लागला तो असा. दुसरं मशीन गेलं, ते मालकांना हवंच होतं. पण बर्फ राहिला. संघाचे गुरुवार राहिले, मुलांचे शनिवार राहिले. फर्निचरवाल्यांना दुसरीकडे जागा मिळाली. चाचा पुन्हा प्लांटचा प्रमुख झाला आणि मी त्याच्या हाताखाली आलो. माझं पद ऑपरेटर असं लिहून आलं, पगार त्याप्रमाणे. मॅनेजरसाहेबांनी ते पत्र मला देताना विचारलं, "समाधान झालं?" मी हो म्हटलं. त्यांना वाटलं मी टोमणा मारतोय. मी खरंच सांगत होतो.

वडिलांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "लादी किती जाड ठेवतो तो म्हातारा?" मी म्हटलं, एक इंच. "बरोबर आहे," ते म्हणाले. पदाचं विचारलं नाही.

चाचाने मला माफ केलं, असं मी सांगू शकत नाही. त्या उन्हाळ्यापासून त्याने मला मुहंदिस म्हणणं सोडलं. "ए कातिब, पाइप पकड़." "कातिब, दरवाज़ा कौन खोला?" चहा तो एकटाच प्यायचा. काम मात्र त्याने मला सगळं शिकवलं, काहीही हातचं न राखता, आणि मी कॉलेजात चार वर्षांत शिकलो नाही ते त्या चार महिन्यांत शिकलो. पहाटे अजमानहून निघायचो, हॉलवर येऊन बर्फाला बारीक भोकं पाडून जाडी मोजायचो. जिथे पाव इंचही जास्त, तिथे चाचा स्वतः गुडघ्यावर बसून खरवडायचा. मी दुसऱ्या बाजूने खरवडायचो. ओळखीची मराठी मंडळी मंडळाच्या कार्यक्रमात भेटली की विचारायची, "अहो, तुम्ही इंजिनिअर होतात ना?" बायको माझ्याआधी उत्तर द्यायची, "अजून आहेत. आता काम करतात."

जुलैत अबू धाबीचा संघ आला. बाहेर उभं राहवत नव्हतं, गाडीच्या दाराची मूठ रुमालाने धरावी लागत होती. त्यांच्या लोकांना वाटत होतं की एका मशीनवर काय बर्फ असणार. त्यांनी येतानाच पंचाला सांगून ठेवलं होतं की मैदान मऊ असलं तर आम्ही खेळणार नाही. पंच बर्फावर आला, पात्याने एक आडवी रेघ मारली, वाकून पाहिली. उठून म्हणाला, "खेळा."

आमचा संघ त्या दिवशी भयंकर खेळला. पहिल्या पाच मिनिटांत दोन गोल खाल्ले. चेक आचाऱ्याने चकती स्वतःच्याच गोलात घातली. माझी मुलगी माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून इंग्रजीत त्यांचे दोष मोजत होती, मोठ्याने. "मूव्ह, यार, मूव्ह." समोरच्या कठड्याला टेकून चाचा उभा होता, हात मागे बांधून. तो खेळ बघत नव्हता. कुणी वळलं की पात्यांखालून उडणारा चुरा बघत होता. चुरा कोरडा होता.

नऊ-दोन हरलो. खेळ संपल्यावर कप्तान कठड्याशी आला, हेल्मेट काढलं, दात नसलेल्या फटीतून धापा टाकत होता. मी म्हटलं, "वाईट झालं."

"फार वाईट," तो म्हणाला. "आणि बर्फाला दोषही देता येत नाही."